जांभई

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. दहिवडीतल्या दवाखान्याचं शटर मी अर्ध्यावर ओढलं आणि समोर जीप येऊन थांबली. "मॅडम, म्हातारीला लकवा मारलाय. वाटेत तुमचाच दिवा दिसला." मी दातांची डॉक्टर, लकव्याचं काय बघणार, असं म्हणेपर्यंत दोघा मुलांनी आजीला उचलून आत आणलंसुद्धा.

आजीचं तोंड सताड उघडं. हनुवटी पुढे आलेली, लाळ पदरावर गळतेय, बोलायला गेली की नुसतं "आऽ आऽ". पण चेहरा कुठे वाकडा नव्हता. हात वर करायला सांगितले, दोन्ही सारखे वर गेले. कपाळाला आठ्या घालता आल्या, डोळे घट्ट मिटता आले. लकव्यात तोंड एका बाजूला ओघळतं. हिचं मधोमध उघडं होतं आणि मिटत नव्हतं. कानांच्या पुढे बोटं टेकवली, तर जिथं जबड्याच्या हाडाचं डोकं लागायला हवं तिथं दोन्हीकडे खळगा.

"पडल्या होत्या का कुठे?"

"न्हाई ओ. सप्त्यात कीर्तनाला बसलेली. जांभई दिली आन् तशीच ऱ्हायली."

तोंड थोडंसं उघडताना जबड्याचा सांधा बिजागरीसारखा फिरतो. आणखी उघडलं की हाडाचं डोकं खोबणीतून निघून पुढच्या उंचवट्यावर सरकतं. (कानापुढे बोट ठेवून जांभई द्या, कळेल.) आजीच्या जबड्याच्या हाडाचं डोकं तो उंचवटा ओलांडून पलीकडे उतरलं होतं. मग तोंड मिटायला म्हणून मॅसेटर आणि टेम्पोरॅलिस हे स्नायू आवळले, त्यांनी हाड वर ओढलं आणि ते तिथंच अडकलं. मिटायची धडपड जितकी जास्त, तितकी अडक पक्की.

उपाय जुनाच. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसमध्येही तो लिहिलेला आहे. दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर, बाकीची बोटं बाहेरून हनुवटीखाली. आधी खाली दाबायचं, मग मागे ढकलायचं. कॉलेजात सरांनी करताना पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. अंगठ्यांना गॉज गुंडाळला, कारण जबडा बसला की दात खाडकन मिटतात. मिश्रीनं काळ्या पडलेल्या आजीच्या चार दाढा अजून शाबूत होत्या.

पहिल्या खेपेला जोर लावून दाबलं. काही हललं नाही. आजीनं माझं मनगट धरलं, डोळ्यांत पाणी. गालांना हात लावला तर मॅसेटर दगडासारखे. दिवसभर भाकरी चावणारा स्नायू तो, माझ्या अंगठ्यांना थोडाच ऐकणार! आणि खुर्ची उंच असल्यानं माझा जोर खांद्यातून येत होता, अंगाचं वजन कामी येतच नव्हतं.

आजीला खाली पाटावर बसवलं, डोकं भिंतीला टेकवलं. गॉज काढून दोन्ही गाल नुसते चोळत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागे मुलांचं चाललेलं. साताऱ्याला न्यायचं तर खर्च किती, थोरला म्हणे म्हस काढू, धाकटा म्हणे बाजार मंगळवारी, तोवर उसने घेऊ. आजी "आऽ आऽ" करत हात उडवायची. "बघा, झटके येत्यात," धाकटा म्हणाला. तिला सगळं ऐकू येत होतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

गाल मऊ पडल्यासारखे वाटले. पुन्हा गॉज, पुन्हा अंगठे. या वेळी दोन्ही बाजू एकदम नाही. आधी उजवी, सावकाश, वजन टाकून खाली. कितीतरी वेळ काहीच नाही. मग अंगठ्याखाली काहीतरी घसरलं, 'टक' झालं. डावी लगोलग बसली आणि दाढा माझ्या अंगठ्यांवर आल्या. गॉज असूनही कळ डोक्यात गेली.

आजीनं तोंड मिटलं. ओठ पुसले. मी हनुवटीपासून डोक्यावरून बँडेज गुंडाळत सांगायला लागले, आजी, आता बोलायचं नाही, दोन आठवडे पेज, मऊ भात, जांभई आली तर मूठ हनुवटीखाली धरायची.

तिनं पट्टी एका हातानं बाजूला केली आणि थोरल्याकडे पाहिलं.

"म्हस इकायची न्हाई."

मी पट्टी पुन्हा गुंडाळली. जीपमध्ये बसवेपर्यंत ती पट्टीच्या आतून बोलतच होती.