कात्रीचा हात आणि घडाचा हात

मी सातपूर एमआयडीसीत शेतीची छोटी हत्यारं डिझाईन करतो. गेल्या सीझनला द्राक्षाच्या विरळणीसाठी, म्हणजे घडातले जादा मणी कापायला, नवीन कात्री करत होतो, तेव्हा एर्गोनॉमिक्समध्ये (काम करताना शरीरावर येणाऱ्या ताणाचा अभ्यास) पीएचडी करणाऱ्या एक मॅडम सोबत आल्या आणि दिंडोरीकडच्या एका बागेत सकाळी सकाळीच आमचं वाजलं. त्यांचं म्हणणं, ट्रायल संपेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही, नाहीतर आकडे जुळवायचे कसे. माझं म्हणणं, मूठ टोचतेय हे या ओळीत दिसल्यावर पुढच्या ओळीतही टोचू द्यायची का? कानस खिशातच असते माझ्या. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर मिटेना.

मॅडम रुला (RULA) नावाचा फॉर्म भरत होत्या. ही १९९३ ची पद्धत, अंगाची ठेवण बघून १ ते ७ मार्क, ७ म्हणजे लगेच बदल करा. दंड ९० अंशांच्या वर गेला की त्याचेच ४, मान मागे टाकली की तिचे वेगळे. मांडवाखाली दोन्ही होणारच, त्यामुळे जुन्या कात्रीला ७ आणि माझ्या नव्या कात्रीलाही ७!

मग सुरगाण्याहून मजुरांच्या टोळीबरोबर आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "दादा, कात्री बरी हाय, पण कात्रीचा हात नाय दुखत, घडाचा दुखतो."

नीट बघितलं तर उजवा हात मणी कापून खाली येतो, डावा मात्र घड धरून, फिरवत, आतले मणी दिसावेत म्हणून तिरका करत वरच. रुलात एका वेळी एकच बाजू भरतात आणि हत्यार उजव्यात म्हणून फॉर्मही सगळे उजव्याचे. मावशी तर कात्रीच्या मिटलेल्या टोकानेच मणी बाजूला सारत होत्या, म्हणजे डाव्याचं काम उजव्याकडे ढकलत होत्या, आणि हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिथेच टोक घासून गोल केलं, मणी टोचला जाऊ नये म्हणून. मॅडमनी अडवलं नाही, वेळ लिहिली, कारण लिहिलं, फोटो काढला आणि डावा हात सलग किती वेळ वर राहतो ते स्टॉपवॉचवर मोजायला घेतलं. थोड्या वेळाने मावशी डावा हात मधूनमधून खाली सोडायला लागल्या. ७ च्या आकड्यात हे कधीच दिसलं नसतं.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनीही १९९३ मध्येच डिझाईनबद्दलचं, डिझाईनसाठीचं आणि डिझाईन करता करता होणारं संशोधन असे तीन प्रकार मांडले होते. तिसरा प्रकार मला त्या दिवशी पटला. आपल्याकडे प्रबंध कपाटात जातो आणि वर्कशॉपमधलं शहाणपण भंगारात, याचा मला मनापासून राग येतो. फसलेला प्रोटोटाईपसुद्धा का फसला ते लिहून ठेवलं तर पुढच्याच्या कामाला येतो ना!

आता आमचं ठरलंय, बदल ओळ संपल्यावरच करायचा आणि कारण वहीत लिहिल्याशिवाय कानस खिशात जाणार नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर घड टेकवायला तारेला अडकवता येईल असं काहीतरी करून बघायचंय, आणि मॅडमनी त्यासाठी डाव्या हाताचे फॉर्म आत्तापासूनच छापून घेतलेत.