नववीच्या वर्गाला बोलतं करताना

पाठ्यपुस्तकात जागोजागी 'चर्चा करा' अशी चौकट असते. माझ्या नववीत त्या चौकटीचं उत्तर गाईडमधून वहीत उतरवलं जायचं, झाली चर्चा. तोंडी विचारलं तर पुढच्या बाकावरचे नेहमीचे तिघे हात वर करायचे आणि बाकीचा वर्ग सुटायचा.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांचं संशोधन बी.एड.ला वाचलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारीही तोंड उघडतात. वाचायला सोपं आहे, पण भरल्या वर्गात तेवढी शांतता जीव खाते. आणि 'ग्रामसभेची कामे सांगा' असं विचारून कितीही थांबलं तरी चर्चा कुठून व्हायची? उत्तर पुस्तकात छापलेलंच आहे की!

म्हणून आधी प्रश्न बदलला. १९९२ची ७३वी घटनादुरुस्ती, पंचायतीत महिलांना एक तृतीयांश जागा, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या, एवढं फळ्यावर लिहून विचारलं, "सरपंच बाई आणि कारभार नवऱ्याचा, असं असेल तर आरक्षणाचा उपयोग झाला का?"

हात वर करायचा नाही. आधी प्रत्येकाने वहीत एक वाक्य लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गात. बोलताना आधीच्याचं म्हणणं सांगायचं, मगच आपलं. या शेवटच्या नियमावर मुलं फार कुरकुरली, पण खरं काम त्यानेच केलं. मी मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. समोर असले की प्रत्येक वाक्यानंतर मुलं माझं तोंड बघतात.

"आमच्याकडं सरपंच नुसत्या सहीपुरत्या," एक जण म्हणाला. वर्ग हसला.

हजेरीलाही पुटपुटणारी एक मुलगी उठली. "हा म्हणतो, सहीपुरत्या. माझी आत्या पण आधी नुसती सहीच करायची. मग चेक समोर आला की विचारायला लागली, पैसे कशाचे? सही तर तिचीच लागते ना."

"म्हणजे तोवरचा काळ फुकटच गेला की."

"आणि शिकली तोवर आरक्षण फिरलं," तिसरा म्हणाला. "आता ती घरी."

"खुल्या जागेवर उभी राहू शकते की!"

"उभी कोण करणार?"

हा आरक्षण फिरण्याचा, म्हणजे राखीव पद पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या गावाकडे जाण्याचा, मुद्दा माझ्या टाचणात नव्हता. तास संपला तरी भांडण चालूच होतं, आवाज ऐकून मुख्याध्यापक दारात डोकावून गेले. पोर्शन मागे पडतो, हे खरंच आहे. दर धड्याला हे जमत नाही, मी तसा हट्टही धरत नाही.

सगळ्यात नाराज झाले ते पुढच्या बाकावरचे तिघे. "मॅडम, पण परीक्षेत काय लिहायचं?" आता चर्चेनंतरची दहा मिनिटं त्यासाठीच ठेवते. आधी आपल्याला न पटलेली बाजू लिहायची, मग आपली.