मणिभवन, अण्णा आणि १४ ऑगस्ट १९३१

वरळीच्या बीडीडी चाळीतील आमच्या जुन्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचे छायाचित्र होते, शेजारी बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि कपाटाच्या खालच्या खणात महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड ओळीने लावलेले होते. गांधीजींचे चित्र त्या घरात कधी लागले नाही. त्याबद्दल कोणी वादही घालत नसे. ते नाही, एवढेच. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, गिरणीत काम करून घर चालवत आणि रात्री दिव्याखाली ते खंड वाचत. पुणे कराराचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. त्यामुळे माझ्या मुलीने, शाळेच्या प्रकल्पासाठी मणिभवन, म्हणजे मुंबईतील गांधीजींचे संग्रहालय, पाहायचे आहे आणि आजोबांनीही सोबत यावे, असा हट्ट धरला तेव्हा ते नाही म्हणणार, हे मी गृहीत धरले होते. अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "येतो. बाबासाहेब ज्या घरात गेले होते, ते घर मला पाहायचंय."

हे वाक्य ऐकेपर्यंत मणिभवन हे बाबासाहेबही जाऊन आलेले घर आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हते. मी शाळेच्या सहलीत ते पाहिले होते, पण तेव्हा आठवणीत राहिला तो चरखा.

ग्रँट रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून नाना चौकातून गावदेवीच्या दिशेने चालत गेले की रहदारीचा गोंगाट हळूहळू मागे पडतो आणि लॅबर्नम रोड लागतो. लॅबर्नम म्हणजे आपला बहावा. त्या रस्त्यावर जुन्या मुंबईच्या लाकडी सज्जांची, उतरत्या छपरांची काही घरे अजून टिकून आहेत आणि त्यांच्यातच १९ क्रमांकाचे हे घर आहे. ते गांधीजींचे कधीच नव्हते. त्यांचे स्नेही रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे ते घर; १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की बहुतेक वेळा येथे उतरत. पुढे १९५५ साली गांधी स्मारक निधीने ही वास्तू घेतली आणि तिचे संग्रहालय केले. दारात रांगेचा गोंधळ नसल्यामुळे आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत ही भावना टिकून राहते, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तळमजल्यावर ग्रंथालय आहे. अण्णांना तेथून हलवणे कठीण झाले. पुस्तकांच्या कपाटांसमोर ते हात मागे बांधून उभे राहिले, पुस्तकांवरची नावे वाचत राहिले, आणि नात हात ओढू लागली तेव्हाच जिन्याकडे वळले. जिना लाकडी आहे. अण्णांचे वय ७८ आणि गुडघे गिरणीत उभे राहून झिजलेले, म्हणून आम्ही एकेक पायरी थांबत चढलो. वाटेत त्यांनी मुलीला सांगायला सुरुवात केली, की १९३१ सालच्या ऑगस्टमध्ये गांधीजींनी बाबासाहेबांना पत्र पाठवून भेटीची इच्छा कळवली होती, आणि येणे सोयीचे नसेल तर मीच आपल्याकडे येईन असेही त्यात लिहिले होते. बाबासाहेब म्हणाले, मीच येतो. पण त्याच संध्याकाळी त्यांना जोराचा ताप भरला आणि भेट पुढे गेली. ती झाली १४ ऑगस्टला, दुपारी दोन वाजता. "तापातून उठलेला माणूस हे जिने चढून वर आला असेल," असे म्हणून अण्णा कठड्याला धरून क्षणभर थांबले. ते स्वतःसाठी थांबले होते की त्या आठवणीसाठी, हे मी विचारले नाही.

वरच्या मजल्यावर गांधीजींची खोली काचेपलीकडे जशीच्या तशी राखली आहे. जमिनीवर पांढरी गादी, तक्क्या, बसक्या उंचीचे लिहिण्याचे मेज, चरखे. या खोलीत इतके थोडे सामान आहे की डोळा एकाच वस्तूवर बराच वेळ टिकतो, आणि माझा टिकला तो चरख्यावर, कारण या वेळी तो मला एकट्या गांधीजींचा वाटला नाही. १९१८ च्या मोठ्या आजारानंतर ते मुंबईत अंथरुणाला खिळून होते आणि त्याच सुमारास खोलीत चरखा घुमू लागला. त्याच्या गुंजारवाचा आपण बरे होण्यात मोठा वाटा होता, असे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. तेथे सूतकताई शिकणाऱ्या स्त्रियांत अवंतिकाबाई गोखले होत्या. ज्या अवंतिकाबाई १९१७ मध्ये चंपारणच्या खेड्यांत स्त्रियांना शिकवायला गेल्या, ज्यांनी १९१८ साली गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले आणि ज्याला लोकमान्य टिळकांनी प्रस्तावना दिली, त्या याच घरात सूत कातायला शिकल्या. आपल्याकडे त्यांचे नाव आता क्वचितच घेतले जाते, याची मला खंत वाटते, आणि मुलीच्या वहीत मी ते मुद्दाम लिहवून घेतले.

याच आजारपणातील शेळीच्या दुधाची गोष्टही मी तिला सांगितली. दूध न पिण्याचे व्रत गांधीजींनी घेतले होते. डॉक्टर दलाल दुधाशिवाय शरीर उभे राहणार नाही म्हणत होते. तेव्हा खाटेशेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी, शेळीच्या दुधाला तर तुमची हरकत नसावी, असे सुचवले. त्यांनी ते घेतले. पण व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होती म्हणून शेळी चालते, ही सोडवणूक शब्दांची आहे, अर्थाची नाही, ही टोचणी त्यांना पुढेही राहिली आणि त्यांनी ती लपवली नाही. अण्णा हे लक्ष देऊन ऐकत होते. "स्वतःची चूक छापून टाकणारा माणूस होता, हे मान्य करायला पाहिजे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून गांधीजींविषयी असे वाक्य मी प्रथमच ऐकत होते.

गांधीजींचे आयुष्य छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडलेले दालन मुलांना सर्वांत आवडते, आणि माझी मुलगीही तेथेच सर्वांत जास्त रमली. मला मात्र भिंतीवरच्या दोन पत्रांपाशी थांबावेसे वाटले: एक २३ जुलै १९३९ चे, हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारे, जे ब्रिटिश सरकारने पुढे जाऊच दिले नाही, आणि दुसरे १ जुलै १९४२ चे, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेले. १९५९ साली मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले तेव्हा ते या घरात मुक्कामाला राहिले होते, हे कळल्यावर मुलीने डोळे मोठे केले, कारण त्यांचा धडा तिला होता.

तेथून पुन्हा काचेपाशी आलो आणि अण्णांनी ती भेट सांगितली. भेट नेमकी कोणत्या खोलीत झाली हे आम्ही शोधत बसलो नाही. घर तेच होते, आणि तेवढे पुरेसे होते. बाबासाहेब तेव्हा ४० वर्षांचे होते आणि गांधीजी ६१ वर्षांचे. चरित्रकारांनी नोंदवले आहे, की बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह येऊन बसले तरी गांधीजी काही वेळ इतरांशीच बोलत राहिले आणि त्यामुळे आलेल्या मंडळींना उपेक्षेची शंका आली. मग बोलणे सुरू झाले. अस्पृश्यतेच्या प्रश्नाचा विचार मी शाळेत असल्यापासून, तुमचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून करतो आहे, आणि काँग्रेसने या कामावर वीस लाख रुपये खर्च केले आहेत, असे गांधीजी म्हणाले. बाबासाहेबांचे उत्तर असे होते, की तो पैसा वाया गेला. काँग्रेसला खरोखरच तळमळ असती तर सभासद होण्यासाठी खादीची जशी अट घातली, तशी अस्पृश्यता न पाळण्याची अट घातली असती. आणि मग, ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागवले जाते आणि पाणीसुद्धा मिळत नाही, त्या देशाला मी मायभूमी कसे म्हणू, अशा आशयाचे ते शब्द उच्चारले गेले, जे आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले आहे. राजकीय हक्कांच्या बाबतीत अस्पृश्यांना हिंदूंपासून वेगळे काढायला आपला विरोध आहे, हे गांधीजींनी स्पष्ट सांगितले. स्पष्टपणाबद्दल आभार मानून बाबासाहेब उठले. दुसऱ्याच दिवशी, १५ ऑगस्टला, ते लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बोटीने निघाले. गांधीजी २९ ऑगस्टला निघाले.

या भेटीतील एक तपशील मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या दैनंदिनीत नोंद आहे, की लंडनला जाईपर्यंत गांधीजींना आंबेडकर हे अस्पृश्यांविषयी कळवळा असलेले ब्राह्मण वाटत होते. म्हणजे या घरात समोर बसलेला माणूस "आम्हाला पाणी मिळत नाही" असे म्हणत होता आणि ऐकणाऱ्याला त्यातील "आम्ही" ऐकू आला नव्हता. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा चार वर्षे होऊन गेली होती. गांधीजींबद्दल मला आदर आहे, आणि या घरातून फिरताना तो वाढला, हे मी मोकळेपणाने लिहिते. पण त्या काचेसमोर उभे राहून मला हेही वाटत राहिले, की इतका कान देऊन ऐकणाऱ्या माणसाकडून हे कसे सुटले. संग्रहालय एका माणसाचे असते तेव्हा त्याच्या वस्तू राहतात, गादी राहते, चरखा राहतो. त्या माणसासमोर बसून त्याला नाही म्हणणारा जेथे बसला होता, ती जागा राखता येत नाही. मला मणिभवनात सर्वांत खरी वाटली ती जमिनीवरची मोकळी जागा.

शेवटी आम्ही गच्चीपाशी गेलो. लंडनहून रिकाम्या हाताने परतलेले गांधीजी येथे तंबू ठोकून झोपत असत आणि ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलीस त्यांना अटक करायला तेथेच आले. सोमवार होता, म्हणजे त्यांच्या मौनाचा वार, म्हणून अर्ध्या तासात तयार होतो हे त्यांनी कागदावर लिहून दिले. तेथून त्यांना येरवड्याला नेण्यात आले. त्याच येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी २० सप्टेंबरला स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध प्राणांतिक उपोषण सुरू केले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यातील ७१ जागांऐवजी करारात अस्पृश्यांना १४८ राखीव जागा मिळाल्या, पण आपले प्रतिनिधी केवळ आपल्या मतांनी निवडण्याचा हक्क गेला. १४ ऑगस्टला जे बोलणे अर्धवट राहिले, ते १३ महिन्यांनी एका माणसाचा जीव पणाला लागलेला असताना पुरे करावे लागले, आणि तशा वेळी समोरच्याला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही. अण्णांचा राग येथेच आहे, आणि मणिभवन पाहून तो कमी झाला असे मी म्हणणार नाही. तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नव्हती.

परतताना नाना चौकात आम्ही लिंबू सरबत प्यायला थांबलो. मुलीने वही उघडून काचेपलीकडच्या खोलीचे चित्र दाखवले आणि त्याखाली काय लिहू, असे आजोबांना विचारले. अण्णांनी चष्मा पुसला आणि सावकाश सांगितले, "लिही, १४ ऑगस्ट १९३१. दुपारी दोन. वेळ पण लिही." तिने लिहिले. मग ते थोडे थांबले आणि म्हणाले, "आणि त्याच्या आधीची ओळ लिही. गांधीजींनी पत्रात कळवलं होतं, की तुम्हाला जमत नसेल तर मी येतो. बाबासाहेबांना सहा तारखेला ताप आला होता." मुलीने विचारले, ते आले असते तर कुठे आले असते. "परळला," अण्णा म्हणाले, "आपल्याकडे."