भांगेची पहिली दोन झाडे

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून भांग कायदेशीर आहे आणि आम्ही राहतो त्या ऑन्टॅरिओत प्रत्येक घराला ४ झाडे लावण्याची मुभा आहे. मी यंदा २ लावली. तिसऱ्या आठवड्यात पाने मलूल होऊन झुकली, तेव्हा झाड तहानले आहे असे समजून मी रोज पाणी घालत राहिले आणि दुखणे वाढवले, कारण सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही व पाने तहानल्यासारखीच दिसतात. आता मातीत दोन पेरे बोट खुपसून ती कोरडी लागली आणि कुंडी उचलल्यावर हलकी वाटली, तरच तळातून थोडे निथळेपर्यंत पाणी देते.

वाढीच्या काळात १८ तास दिवा ठेवते. फुलोऱ्यासाठी मात्र रोज सलग १२ तासांचा निखळ अंधार लागतो, म्हणून चार्जरचा बारीकसा दिवाही मी चिकटपट्टीने झाकला. लहान पंखा ही मला सर्वांत मोलाची खरेदी वाटते, कारण दाट फुलांत ओल साचली की बुरशी आतून धरते आणि बाहेरून फार उशिरा दिसते. खोलीला कुलूप असते; घरात लहान मूल असताना त्याबाबत मी कोणतीही तडजोड करणार नाही.