एका संध्याकाळसाठी एवढा खटाटोप? तुम्ही विचारलंत म्हणून

दरवर्षी डिसेंबर संपत आला की कुणी ना कुणी विचारतंच, संक्रांतीचे हलव्याचे दागिने घरी कशाला करतेस गं, तुळशीबागेत जा, दादरला जा, हवा तो सेट मिळतो, मुकुटापासून कमरपट्ट्यापर्यंत सगळं खोक्यात पॅक, आणि घालणार तर एक संध्याकाळ. यंदा बिल्डिंगमधल्या तिघींनी विचारलं, भावजयीने फोनवर विचारलं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

माझं उत्तर खरं तर एका ओळीचं आहे. हलव्याचा दागिना खाता आला पाहिजे. विकतच्या बऱ्याचशा दागिन्यांत हलवा पुठ्ठ्यावर गमाने चिकटवलेला असतो, वर सोनेरी लेस, टिकल्या, खडे. दिसतात सुंदर, नाही म्हणत नाही, करणाऱ्या बायकांच्या हातात कलाही असते. पण हळदीकुंकू झालं की ते परत खोक्यात जातात, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात, आणि मग कधीतरी मुंग्या लागल्या की टाकून द्यायचे. मला ते पटत नाही. आमच्याकडे रात्री बायका गेल्या की कात्रीने दोरे कापायचे आणि ज्या सुनेने हार घातला तिनेच तो हलवा सगळ्यांच्या हातावर ठेवायचा, हे मी लग्न झाल्यापासून बघत आलेय.

मला शिकवलं ते आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या आत्येसासूबाई, वाईच्या. माझ्या पहिल्या संक्रांतीला त्यांनी माझे दागिने केले होते आणि दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, आता तू बस माझ्याशेजारी. त्या शेगडीवर करायच्या, निखाऱ्यांवर राख पसरून, वर पितळेची परात. मी ठाण्यात गॅसवर करते, तवा ठेवून त्यावर परात, आच अगदी बारीक.

रीत लिहिते, कारण हलव्याच्या दाण्यावर काटा कसा येतो हाही प्रश्न असतोच. पाव वाटी तीळ (खसखस, साबुदाणा, लवंगा, भोपळ्याच्या बिया यांचाही होतो, पण सुरुवात तिळाने करा). साखरेत निम्मं पाणी घालून उकळायचं, चमचाभर दूध घातलं की मळी वर येते ती काढायची, पाक गाळून घ्यायचा, एकतारीच्या जरा अलीकडेच थांबवायचा. परातीत तीळ कोमट झाले की एक छोटा चमचा पाक. एकच. आणि मग बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं, हळूहळू, गोल गोल, दाणा न् दाणा सुटा होईपर्यंत. आधी सगळं ओलसर, चिकट, बोटांना धरून बसणारं, मग हळूच आवाज बदलतो, परातीत कोरडी खळखळ ऐकू यायला लागते. ती आली की पुढचा चमचा, त्याआधी नाही. अर्ध्या-पाऊण तासाने परातीत साखरेची भुकटी साठते, ती चाळून काढायची, नाहीतर तीच दाण्यांना चिकटून काटा बुजवते. भुकटी परत पाकात जाते, काही वाया जात नाही.

पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. तीळ नुसते पांढरे आणि गुळगुळीत होतात, आणि नवीन शिकणारी बाई इथेच हात टेकते. दुसऱ्या दिवशी दाण्यावर बारीक उंचवटे हाताला लागतात, डोळ्यांना अजून नीट दिसत नाहीत. त्या उंचवट्यांनाच पुढच्या चमच्यातला पाक आधी लागतो, पाणी उडून जातं, साखरेचे कण तिथेच बसतात, उंचवटा वाढतो, की त्याला अजून पाक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो चांदणीसारखा काटा. पाव वाटी तिळाला एकूण दोन वाट्या साखर सहज लागते, पण ती चमच्याचमच्यानेच गेली पाहिजे. एकदम जास्त ओतली की दाणे एकमेकांना धरतात आणि गोळा होतो, मी केलाय तो प्रकार, एका दुपारी दोन दिवसांची मेहनत गेली.

थंडी लागते हे खरंच आहे, म्हणजे थंड आणि कोरडी हवा. वाईला जानेवारीत पहाटे ती असायची, ठाण्यात नशिबावर. मी पहाटे चारला बसते, सातपर्यंत. एका वर्षी संक्रांतीच्या आधी चार दिवस आभाळ भरून आलं होतं, हवेत नुसती ओल, आणि बहिणीच्या मुलीच्या पहिल्या संक्रांतीसाठी केलेला हलवा डब्यातल्या डब्यात ओलसर झाला, काटे बसले. फोनवर आत्याबाईंना रडत सांगितलं. त्या म्हणाल्या, रडू नकोस, परातीत घाल, आच लाव आणि पहिल्यापासून सुरू कर, दाणा मोठा होईल एवढंच. तसंच केलं. त्या वर्षीचा हार सगळ्यात भरघोस झाला.

मध्ये भाच्याने क्योटोहून एक चिमुकली पिशवी आणली होती, कोंपेइतो म्हणून, जपानी लोकांची काटेरी साखरगोळी. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात तिकडे गेलेली, नावही पोर्तुगीज शब्दावरून आलेलं. गरम तिरप्या फिरत्या कढईत थोडाथोडा पाक घालत जवळपास दोन आठवडे करतात म्हणे, आणि पूर्वी आत चक्क खसखस असायची. मी एक दाणा तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत बसले. कुठली कोण बाई किंवा बाप्या, आपल्यासारखाच परातीशी बसलेला. काही गोष्टींना शॉर्टकट कुठेच सापडलेला नाही.

आता दागिने. इथे काट्याचं खरं काम कळतं, ते नुसतं शोभेचं नाही. पांढरा दुहेरी दोरा घ्यायचा, त्याचा फास दाण्याभोवती टाकून आवळायचा, लगेच पुढची गाठ, पुढचा दाणा. सुई नाही, भोक नाही, गम नाही. काटा असतो म्हणूनच दोरा सरकत नाही, दाणा धरून राहतो. गुळगुळीत दाणा लगेच निसटतो. म्हणून आत्याबाई म्हणायच्या की काटा धड नसेल तर दागिन्याला हात लावू नकोस, वाटीत घालून तिळगुळाबरोबर वाटून टाक. बारीक तिळाच्या सरांच्या बांगड्या, साबुदाण्याच्या टपोऱ्या दाण्यांचा हार, लवंगेच्या लांबट हलव्याचे लोलक, मंगळसूत्राला मधेमधे खरे काळे मणी. बिंदी, कुड्या, बाजूबंद, नथ जमली तर. जावयाला हार आणि हलव्याने मढवलेला नारळ. काळ्या साडीवर ते पांढरं शुभ्र काम उठून दिसतं ना, त्या वेळी घरातल्या बायका क्षणभर गप्प होतात, दरवेळी होतात.

आणि माप. दुकानातली बांगडी सगळ्यांना एकच, मागे लेस बांधायची. मी मनगटाला दोरा गुंडाळून माप घेते आणि त्या दोऱ्याला चिठ्ठी लावून डब्यात ठेवते. यंदा पुतण्याच्या बायकोची पहिली संक्रांत, तिचं माप दिवाळीतच घेतलंय. पोरगी नागपूरची, मनगट इतकं बारीक की चौदा-पंधरा दाण्यांनी सर कमीच लागेल. पहाटे परातीशी बसलं की ज्याच्यासाठी करतोय तो माणूस डोक्यात असतो, चार दिवस सकाळी तीन-तीन तास. एरवी कुठल्या नातेवाइकाचा आपण सलग एवढा वेळ विचार करतो सांगा. हा वेळ मला हवा असतो. विकतचा सेट आणला तर नेमका हाच वेळ हातचा जातो, आणि तोच तर मला द्यायचा असतो तिला.

बोरन्हाणाचं तर विचारूच नका. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात बासरी, आणि वरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे. धाकट्या जाऊबाईंचा नातू गेल्या वर्षी पाटावर बसल्या बसल्या हातातलं कडं तोंडात घालून चोखत होता, फोटोवाला म्हणतोय काढा काढा, आणि जाऊबाई म्हणाल्या, खाऊ दे रे, साखर आणि तीळच तर आहे. गमाचं असतं तर हिसकावून घ्यावं लागलं असतं. अर्धं कडं खाल्लं त्याने. उरलेला दोरा मी ठेवलाय.

संक्रांत चुकली तरी घाई करू नका, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतंच. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे महिनाभर हातात होता, त्या वर्षी मी दोघींचे दागिने केले.

ऑर्डर घेता का असंही विचारता. नाही घेत, कारण ज्या मुलीला मी ओळखत नाही तिच्यासाठी पहाटे चारला उठणं मला जमणार नाही. शिकवते मात्र, आनंदाने. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या, पहाटे, ज्याच्यासाठी करायचंय त्याच्या मनगटाचा दोरा घेऊन. परात माझी, साखर तुमची, आणि नखं कापून या.