नाशिकची व्हाइट वाइन: छोट्या वायनरीतून काय घ्यावं

कमी पैशात समतोल व्हाइट वाइन हवी असेल तर आधी शेनिन ब्लां (याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन) बघावी. नाशिककडे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. तोड लांबली की साखर चढते, आंबटपणा उतरतो आणि वाइन बोथट लागते. लेबलवर अल्कोहोल १२ ते १३ टक्के असेल तर बरं. शेनिन बऱ्याचदा थोडी गोडसर असते. गोडी नको तर ‘ड्राय’ लिहिलेली घ्या किंवा सोव्हिन्यॉं ब्लां, म्हणजे दुसऱ्या एका पांढऱ्या द्राक्षाची वाइन.

द्राक्षांच्या हंगामाचं साल नक्की बघा. या वाइन ताज्या प्यायच्या, दोन वर्षांच्या आत. छोट्या वायनरीची वाइन उत्तम असली, तरी दुकानदाराने ती मे महिन्यात उन्हाच्या काचेमागे ठेवली तर संपलंच. रंग तपकिरीकडे झुकलाय, बूच वर सरकलंय? परत ठेवा.

८ ते १० अंशांवर प्यावी. फ्रिजमध्ये अडीच-तीन तास, किंवा बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत २० मिनिटं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण बाटलीभोवती हवा राहते. फार गार केली तर वासच येत नाही (स्वस्त वाइनचे दोष लपवायला मात्र ही युक्ती चालते). सोबत कोथिंबीर वडी किंवा तळलेली सुरमई. उरलेली झाकण लावून फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवा.