आधी पोर्ट, मग हाउसिंग

शनिवार, रात्री

मालवणचा डायव्हिंगचा हंगाम ऑक्टोबरात उघडतो. त्याआधी ओळखीतल्या कुणी ना कुणी मिररलेस कॅमेरा घेतलेला असतो आणि विचारणा येते, हाउसिंग (कॅमेरा पाण्यात न्यायची जलरोधक पेटी) कुठलं घेऊ? यात निवडीला वाव तसा कमीच. हाउसिंग कॅमेऱ्याच्या बॉडीगणिक वेगळं. सोनी ए७ थ्रीचं ए७ फोरला बसत नाही. पॉलिकार्बोनेट की ॲल्युमिनियम एवढंच ठरवायचं. पॉलिकार्बोनेटची बरीचशी हाउसिंग ४० मीटरपर्यंत चालतात, ॲल्युमिनियमची साधारण १०० मीटरपर्यंत. आपल्याकडच्या डाइव्हला दोन्ही पुरतात. अंगठ्याखाली एएफ-ऑनची (फोकसची) कळ येते का आणि व्हॅक्यूम व्हॉल्व्ह (आतली हवा पंपाने ओढून गळती तपासायची झडप) बसवायला भोक आहे का, हे मात्र बघूनच घ्यावं. व्हॅक्यूम नसलेल्या हाउसिंगमध्ये महागडी बॉडी घालू नये, असं माझं स्पष्ट मत.

पैसे खरे लागतात पोर्टला (हाउसिंगच्या लेन्सपुढच्या काचेला), आणि फोटो बिघडतो तोही तिथेच.

सपाट पोर्टमागे २८ मिमीची लेन्स लावली की हवेतला ७५ अंशांचा कोन पाण्यात जेमतेम ५४ उरतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३. मॅक्रोला (बारीक विषय जवळून टिपायला) हे पथ्यावर पडतं, वाइडला (रुंद दृश्याला) नाही. डोम (घुमटाकार पोर्ट) लावला तर कोन टिकतो, पण वेगळंच झंझट सुरू होतं. पाण्यात डोम स्वतःच भिंगासारखा वागतो आणि अनंतावरच्या वस्तूचीही आभासी प्रतिमा काचेपुढे त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर आणून ठेवतो. १० सेंटिमीटर त्रिज्येचा डोम असेल तर समोरचा अख्खा समुद्र काचेपुढच्या ३० सेंटिमीटरांत मावतो. लेन्स तेवढ्या जवळ फोकस करत नसेल तर डोम कितीही महाग असो, काही साधत नाही. ही प्रतिमा सपाट नसून वक्र असते, म्हणून कोपरे मऊ येतात. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) अ‍ॅपर्चर बारीक करून एफ/११ च्या आसपास जावंच लागतं. त्यातून अर्धगोल डोम इतका मोठा असला की आत दोनेक लिटर हवा. पुढचा भाग सारखा वर उचलला जातो आणि तासाभराच्या डाइव्हनंतर मनगटं बोलू लागतात.

एक्स्टेन्शन रिंग (पोर्ट आणि हाउसिंगमधलं कडं) किती मिमीची, हेही त्यातलंच. लेन्सचा एंट्रन्स प्यूपिल (समोरून दिसणारं अ‍ॅपर्चरचं छिद्र) डोमच्या वक्रतेच्या केंद्राशी यायला हवा. हाउसिंगवाल्याचा पोर्ट-चार्ट बघावा. चार्टमध्ये लेन्स नसेल तर तलावात एकाच अ‍ॅपर्चरला रिंग १० मिमीने कमी-जास्त करून कोपरे ताडून पाहावेत. तलावाची सपाट, फरशीची भिंत मात्र डोमवर अन्यायच करते; मासे काही एका सपाट रेषेत उभे राहत नाहीत.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाणी बरेचदा गढूळ. दुरून वाइड काढलं तर मधल्या पाण्यातला कचराच स्ट्रोबच्या (पाण्यातल्या फ्लॅशच्या) उजेडात चमकतो, म्हणून विषयाला जवळजवळ भिडावं लागतं. अशा पाण्यासाठी मला मोठ्या डोमपेक्षा २८-६० मिमीची छोटी झूम, सपाट पोर्ट आणि बाहेरून लागणारी वाइड वेट-लेन्स ही जोडी बरी वाटते. वेट-लेन्स पाण्यातच काढता येते, मग त्याच डाइव्हमध्ये जवळचं टिपायलाही मोकळं. फक्त पाण्यात उतरल्यावर ती एकदा सैल करून पोर्ट आणि लेन्समधला बुडबुडा बाहेर काढायचा. तो राहिला तर फोटोत धूसर चकती येते, आणि कळतं घरी आल्यावर.

रविवार, सकाळी

कॅमेरा बसवण्याआधी पट्टा, आयकप (व्ह्यूफाइंडरभोवतीचं रबर) आणि हॉट-शूचं (वरच्या फ्लॅश-खाचेचं) झाकण काढायचं. कॅमेऱ्याखालचा ट्रे मिलिमीटरभर जरी तिरका बसला तरी हाउसिंगच्या कळा कॅमेऱ्याच्या बटणावर नेमक्या पडत नाहीत. मोड डायलची मूठ ओढून वर, ऑन-ऑफचा खटका ऑफवर, मगच बॉडी आत. झाकण लावायच्या आधी प्रत्येक कळ दाबून पाहायची.

मेनूत दोन गोष्टी हमखास राहतात. व्ह्यूफाइंडरचा आय-सेन्सर हाउसिंगच्या मागच्या काचेला डोळा समजतो आणि स्क्रीन काळी होते. फाइंडर-मॉनिटरची निवड ‘ऑटो’ऐवजी ‘मॉनिटर’वर ठेवावी. दुसरं, लाइव्ह व्ह्यूमधला ‘सेटिंग इफेक्ट’ (निवडलेल्या एक्स्पोजरप्रमाणे स्क्रीन उजळ-काळी करणारा) बंद. स्ट्रोबसाठी एफ/११ आणि शटर १/१६० ठेवलं की तो चालू असताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही. एएफ-असिस्टचा (फोकसला मदत करणारा) दिवाही बंद, नाहीतर त्याचा उजेड पोर्टच्या आतून परत येतो. बॉडीत फ्लॅश नसेल तर स्ट्रोबला इशारा नेणाऱ्या फायबर केबलला एलईडी ट्रिगर लागणार, ते हाउसिंगच्या हिशेबात आधीच धरावं.

ओ-रिंग (झाकणाच्या खोबणीतली, पाणी अडवणारी रिंग) टाचणीने काढू नये, प्लॅस्टिक कार्डाची कड पुरते. रिंग बोटांतून फिरवली की केस किंवा वाळूचा कण लगेच जाणवतो. खोबणीही तितकीच पुसायची. ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, रिंग नुसती चकाकेल इतपत. पाणी अडवते ती दबलेली रिंग. ग्रीसमुळे ती घसरून नीट बसते, एवढंच. जास्त झालं की कचरा धरून ठेवतं. ग्रीस हाउसिंगच्याच कंपनीचं हवं, कारण सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगते.

झाकण आदल्या रात्री एसीच्या खोलीत लावायचं, सिलिका जेलसकट. कोकणातली दमट हवा आत कोंडली आणि पेटी बोटीवर उन्हात तापली, तर पाण्यात शिरताच पोर्टवर आतून वाफ धरते. पंपाने हवा ओढून व्हॅक्यूमचा हिरवा दिवा लागला की निदान अर्धा तास तसंच ठेवावं. थंड खोलीतून उन्हात नेलं की आतला दाब थोडा चढतो (१० अंशांना साधारण तीन टक्के), त्यामुळे दिवा लुकलुकला तर आधी सावलीत ठेवून पाहावं. गळती बहुधा पहिल्या काही मीटरांतच होते, कारण रिंगला घट्ट बसवणारा बाहेरचा दाब तिथे कमी असतो. म्हणून उतरल्यावर दोनेक मीटरवर थांबून आत थेंब दिसतो का ते बघायचं.

वर आल्यावर हाउसिंग गोड्या पाण्याच्या टबात बुडवून ठेवायचं आणि प्रत्येक कळ पाण्यातच दाबायची; मीठ शाफ्टमध्ये सुकलं की कळ अडकते. व्हॅक्यूम सोडायचा तो हात आणि डोकं कोरडं झाल्यावरच. केसांतला एक थेंबही थेट सेन्सरपर्यंत जाऊ शकतो.